50 + 50 = 96.5 : हरभरे-मोहरीचा दृष्टान्त वर्गात ठेवावा का?

रेणुरंग:
20 अंश सेल्सिअसला 50 मिली शुद्ध इथेनॉल आणि 50 मिली पाणी एकत्र केलं की साधारण 96.5 मिली भरतं. वर्गातलं ठरलेलं उत्तर: हरभऱ्यांच्या फटींत मोहरी शिरते, तसंच हे. हा दृष्टान्त बंद करावा असं माझं स्पष्ट मत आहे. इथेनॉल आणि हेक्झेन (पेट्रोलसारखा एक द्रव) यांच्या रेणूंच्या आकारात दुपटीचा फरक आहे, तरी ते मिसळल्यावर आकारमान उलट किंचित वाढतं. सगळा खेळ फटींचा असता तर तिथेही घटलं असतं.

परीक्षानळी:
असहमत. नववीत एवढंच पोचवायचं असतं की वस्तुमान टिकतं, आकारमान टिकेलच असं नाही. हायड्रोजन बंध (रेणूंना एकमेकांकडे ओढणारं आकर्षण) शिकवण्याआधी मुलांच्या हातात दुसरं काय देणार?

रेणुरंग:
थर्मामीटर द्या! मिश्रण सुमारे 7 अंशांनी तापतं. हरभरे-मोहरी कितीही ढवळा, तापणार नाहीत. इथेनॉलच्या रेणूचं ओएच टोक (ऑक्सिजन-हायड्रोजनचं) पाण्याशी हायड्रोजन बंध जोडतं आणि दुसऱ्या, इथिल टोकाभोवती (कार्बन-हायड्रोजनच्या) पाण्याचे रेणू नव्याने रचले जातात. भरपूर पाण्यात 1 मोल (रेणूंची एक ठरावीक संख्या) इथेनॉल शुद्ध असतानाच्या 58 ऐवजी जेमतेम 55 मिली जागा घेतं.

शेवाळी:
दोघंही 'एकजीव मिसळलं' असं गृहीत धरताय. 2002 मध्ये मिथेनॉल-पाण्यावर न्यूट्रॉन विवर्तनाने (न्यूट्रॉन कसे विखुरतात त्यावरून रेणूंची रचना शोधण्याच्या पद्धतीने) दिसलं की रेणूंच्या पातळीवर मिथेनॉलचे आणि पाण्याचे वेगळे पुंजके टिकून राहतात. इथेनॉल-पाण्याच्या मिश्रणाची स्निग्धता (वाहायला होणारा विरोध) बघा: वजनाने 45 टक्क्यांच्या आसपास ती पाण्याच्या जवळजवळ तिप्पट होते, शुद्ध इथेनॉलपेक्षाही खूप जास्त. एकमेकांत अडकलेली जाळी असल्याशिवाय हे होत नाही.

परीक्षानळी:
मान्य, पण प्रयोग फसतो तो वेगळ्याच कारणांनी. मिश्रण गरम असतानाच वाचन घेतलं की प्रसरणामुळे अर्धा मिली घट लपते. मिसळताना विरघळलेली हवा सुटते, तिचे बुडबुडे काचेला चिकटतात. बीकरच्या खुणांवर तर मोजूच नये. 100 मिलीचा मेजरिंग सिलिंडर, तोंडावर झाकण, हलक्या टिचक्या, पुन्हा 20 अंशांपर्यंत थंड होऊ देणं, मगच वाचन. दोन्ही द्रव आधी तराजूवर तोला: 39.5 आणि 49.9 ग्रॅम. शेवटी 89.4 भरले नाहीत तर सांडलंय किंवा उडालंय. आणि जवळ बर्नर नको.

रेणुरंग:
ही कृती उत्तमच. तिच्यात तापमानाची नोंद घाला, मग मोहरीची गरज उरणार नाही.

परीक्षानळी:
नोंद घालतो. मोहरी मात्र नववीपुरती ठेवणार, 'हे पूर्ण कारण नाही' असं फळ्यावर लिहून.