सराव पेपरचे गुण वाढतच नाहीयेत, काय करू?

निळी_शाई:
प्रवेश परीक्षा दोन महिन्यांवर आली. रोज घड्याळ लावून एक पूर्ण सराव पेपर सोडवते. गुण मात्र जिथल्या तिथे. एखाद्या दिवशी वर जातात, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली. घरचे म्हणतात, पेपर बंद कर आणि पुस्तकं परत वाचून काढ. तसं करू का?

रात्रपाळी:
अजिबात नको. पेपरच सोडव, वेग आपोआप येतो. माझ्या भावाचा आला.

गणितवाली_मावशी:
वेग येईल, पण त्याच चुका वेगाने होतील. रोज एक पूर्ण पेपर म्हणजे तपासायला वेळ कधी मिळतो तुला? तीन तासांचा पेपर असेल तर निदान तेवढाच वेळ त्याची चिरफाड करायला हवा. मी मुलांना आठवड्याला एकच पूर्ण पेपर देते. बाकी दिवशी थोडे थोडे प्रश्न, जिथे मार खाल्ला त्याच धड्यांतले.

चुकलेला प्रश्न आधी उत्तर न बघता परत कर. आला, तर घाई नडली किंवा वाचताना गफलत झाली. नाही आला, तर धडा कच्चा. उदाहरण देते: गाडीचा वेग ताशी ७२ किमी, ब्रेकचं मंदन ४ मीटर प्रति सेकंद वर्ग, तर गाडी किती अंतरावर थांबेल? पर्यायांत ५० मीटरही असतं आणि ६४८ मीटरही. ७२ चे २० मीटर प्रति सेकंद न करता आकडा सूत्रात टाकला, की बरोब्बर ६४८ येतं. पेपर काढणारा तिथेच दबा धरून बसलेला असतो! इथे चुकणाऱ्या पोरीने गतीचा धडा परत वाचून काय होणार? तो तिला येतोच.

तुक्का मारलेल्या प्रश्नांवर सोडवतानाच खूण कर. बरोबर आले की ते कुणी तपासत नाही.

आणि घरच्यांना सांग, रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, आठवड्याने विचारलं तेव्हा आठवून लिहिणारे.

चौथा_पर्याय:
तुक्क्यांवरून आठवलं. बरोबरला ४ आणि चुकीला वजा १ असेल, तर चार पर्यायांत डोळे मिटून मारलं तरी सरासरी पाव गुण पदरात पडतो. एक चुकीचा पर्याय उडवता आला तर दोन तृतीयांश. पण बरोबरला १ आणि चुकीला वजा एक तृतीयांश असेल, तर आंधळा तुक्का सरासरी शून्यावर येतो. आपल्या परीक्षेचा नियम बघून ठरव.

गणितवाली_मावशी:
हिशोब बरोबर आहे. फक्त 'उडवलेला' पर्याय खरंच चुकीचा होता का, हेही खुणा केलेल्या प्रश्नांत बघत जा. कित्येक मुलं बरोबर उत्तरच उडवतात.

निळी_शाई:
कालचा पेपर उघडून बसले. रसायनशास्त्रातले निम्मे चुकलेले प्रश्न दुसऱ्यांदा सहज आले, राग आला स्वतःचा. मावशी, माझी परीक्षा दुपारची आहे. पूर्ण पेपर त्याच वेळेला सोडवू का? आत्ता रात्री सोडवते.

गणितवाली_मावशी:
दुपारीच. जेवणानंतर डोळे मिटतात का तेही कळेल. आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी नवा पेपर हातात घेऊ नकोस.