कंट्रोल चार्टवर यूसीएल-एलसीएलच्या (वरच्या-खालच्या कंट्रोल लिमिटच्या) रेघा लाल असाव्यात का?

मायक्रॉन:
आमच्याकडे चाकणला लेथवर २५ मिमीचा शाफ्ट टर्न होतो, टॉलरन्स (ड्रॉइंगमध्ये चालणारा फरक) ±०.०२०. दर तासाला ५ नग मोजायचे, सरासरी आणि रेंज एक्सेलमध्ये भरायची आणि चार्टची प्रिंट मशीनजवळच्या बोर्डवर लावायची, असा रिवाज आहे. एकूण सरासरी २५.००२, सरासरी रेंज ०.०१०. प्रोसेस नेहमीसारखी चालू असेल तर सरासरी यूसीएल-एलसीएलच्या आत राहते; या लिमिट ड्रॉइंगवरून नाही, आपल्याच मोजमापांवरून निघतात. म्हणजे यूसीएल २५.००२ + ०.५७७ (५ नगांसाठीचा ठरलेला गुणक) × ०.०१० = २५.००७८.

परवा रात्रपाळीत एका तासाची सरासरी २५.००९ आली. चार्टवर यूसीएल जाड आणि लालभडक. ऑपरेटरने त्या तासाचा सगळा माल रिजेक्टच्या लाल ट्रेमध्ये टाकला. सकाळी एकेक नग मायक्रोमीटरने मोजला, सगळे ड्रॉइंगमध्ये बसले. त्या पोराला मी दोष देणार नाही. आमच्या इन्स्पेक्शन रिपोर्टवर टॉलरन्सच्या रेघाही अशाच जाड लाल असतात. दोन्हींचा अर्थ त्याने एकच घेतला.

म्हणून माझं म्हणणं: कंट्रोल लिमिट करड्या रंगात, बारीक आणि तुटक काढा. मध्यरेषा सलग. लाल फक्त बाहेर गेलेला बिंदू. आणि सरासरीच्या चार्टवर टॉलरन्सच्या रेघा काढूच नका. सरासरी टॉलरन्सच्या आत असली तरी पाचातला एखादा नग बाहेर असू शकतो.

जुना_क्यूए:
टॉलरन्सचं पटलं, रंगाचं अजिबात नाही. बोर्ड ऑफिसात नसतो, शॉप फ्लोअरवर असतो. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, ट्यूबलाइटखाली, तेलकट बोटांचे डाग पडलेला. तिथे करडी तुटक रेघ चार पावलांवरूनही दिसत नाही. लाल म्हणजे थांब, आणि इथे थांबायलाच हवं होतं! माल चांगला निघाला तरी प्रोसेस हललीच होती. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) झिजला असेल, कुणी ऑफसेट (मशीनमधलं टूलचं सेटिंग) बदलला असेल. १९२४ मध्ये वॉल्टर शूहार्ट या संख्याशास्त्रज्ञाने हा चार्ट काढला तो याचसाठी, माल बिघडायच्या आधी कळावं म्हणून. रेघ फिकी केलीत तर पुढच्या वेळी तो पोरगा थांबणारही नाही. रेघ पुसट करण्यापेक्षा त्याला शेजारी बसवून तिचा अर्थ सांगा.

मायक्रॉन:
सर, शिकवायचं तर आहेच. पण रात्री तीन वाजता त्याच्याजवळ मी नसतो, चार्ट असतो.

शिफ्ट_बी:
दोघंही रंगावरून भांडताय. आमचा प्रिंटर ब्लॅक अँड व्हाइट आहे, त्यातून लालही करडाच निघतो. शिवाय आमच्या एका इन्स्पेक्टरला लाल-हिरवा वेगळा दिसत नाही. म्हणून आम्ही रंगावर काहीच सोडलं नाही. एक्सेलमध्ये रेघेचा डॅश टाइप तुटक, जाडी दीड पॉइंट, आणि रेघेच्या उजव्या टोकाला नाव. रेघेवर एकदा क्लिक, मग शेवटच्या बिंदूवर पुन्हा क्लिक, आणि फक्त त्यालाच डेटा लेबल द्यायचं. खालचं लेजंड (कुठली रेघ कशाची ते सांगणारी चौकट) काढून टाका, ते कुणी वाचत नाही.

एक्सेलवाली:
शिफ्ट_बी यांच्याशी सहमत. पण मला याहून मोठी चूक दिसते: मशीन बदललं, मटेरियल बदललं, तरी तीच रेघ वर्षभर सरळ पुढे ओढलेली असते. सुधारणा केली असेल तर रेघ तिथे तुटलीच पाहिजे. त्यासाठी जुन्या आणि नव्या यूसीएलचे दोन वेगळे कॉलम करा, आणि जिथे रेघ नको तिथले सेल खरोखर रिकामे ठेवा. मी आधी फॉर्म्युल्यातून दोन अवतरणचिन्हांचं रिकामं उत्तर आणलं होतं. एक्सेलने ते शून्य धरलं. रेघ थेट तळाला आपटली, आणि २५ च्या आसपासचे सगळे बिंदू वर एका पट्टीत चिकटले. तेव्हापासून नव्या लिमिटचे आकडे हाताने व्हॅल्यू म्हणून पेस्ट करते.

जुना_क्यूए:
टोकाला नाव देणं मान्य, उद्याच करून घेतो. दोन कॉलमचंही. पण माझी रेघ लालच राहणार.

मायक्रॉन:
चालेल सर. मी मध्यम काळी, तुटक आणि नावासकट करतो. शिवाय चार्टच्या खाली ठळक अक्षरांत लिहितो: ‘बिंदू रेघेबाहेर गेला तर मशीन थांबवा, सुपरवायझरला बोलवा. माल रिजेक्ट करू नका, बाजूला ठेवून मोजा.’

जुना_क्यूए:
हे वाक्य माझ्याही बोर्डवर लावतो.