मदत हवी आहे: मक्याचं पीठ घातलेला सावरडो आतून चिकट राहतो

मंडळी, नुसत्या मैद्याचा सावरडो (घरी आंबवलेल्या पिठाने फुगवलेला ब्रेड) मला बरा जमतो. आत जाळी पडते, भाजण्याआधी वर मारलेली चीर छान उघडते, घरात तक्रारी येत नाहीत. मुक्काम नाशिक, ओव्हन म्हणजे २८ लिटरचा ओटीजी, स्टार्टर (ब्रेड फुगवणारं आंबवलेलं पीठ) कणकेवर पोसलेला आणि धडधाकट.

आता त्यात मका घालायचाय. घटक असे:

मैदा ३५० ग्रॅम, मक्याचं पीठ १५० ग्रॅम (गिरणीतून दळून आणलेलं, पिवळं, डब्यातलं पांढरं कॉर्नफ्लोअर नव्हे), पाणी ३६०, स्टार्टर १००, मीठ १०.

सगळं एकत्र मळते. सुरुवातीला गोळा घट्ट वाटतो, तासाभराने सैल पडतो. आंबताना मधूनमधून गोळा ओढून घड्या घालते, तेव्हा ताणला जात नाही, तुटतो. भाजल्यावर वरचं कवच खरपूस आणि वास तर असा की शेजारीण विचारायला येते. पण कापलं की मध्ये ओलसर, सुरीला चिकटणारा पट्टा, आणि दाताखाली कच. भाजायची वेळ दहा-पंधरा मिनिटांनी वाढवून पाहिली, तर कवच जाड झालं, पट्टा तसाच.

पाणी कमी करू? मका कमी करू? की ओटीजीच्या तब्येतीला हे झेपणारं नाही?

प्रतिसाद १

ओटीजीला दोष देऊ नका, बिचारा त्याचं काम करतोय. मूळ मक्यात आहे.

मक्याची भाकरी करताना तुम्ही गार पाण्यात पीठ भिजवता का? नाही. कढत पाणी ओतता, नाहीतर भाकरी थापतानाच चिरते. मक्यात ग्लूटेन (गव्हाच्या पिठाला ताण देणारं प्रथिन) तयार होत नाही, त्यामुळे जे काही धरून ठेवायचं ते शिजलेल्या स्टार्चनेच. इथेही तेच करा, आधी उकड काढा.

१०० ग्रॅम मक्याचं पीठ, २०० ग्रॅम उकळतं पाणी. पाणी उकळलं की पीठ टाका, घोटा, मंद आचेवर दोन-तीन मिनिटं झाकण ठेवून वाफ आणा. मक्याचा स्टार्च साधारण ६२ ते ७२ अंशांना फुगून पाणी धरतो, म्हणजे उकळत्या पाण्यात तो नक्की फुगणार. उकड पूर्ण कोमट होऊ द्या. गरम उकड पिठात गेली तर स्टार्टरचं काही खरं नाही.

मग ४०० ग्रॅम मैदा, २२० पाणी, १०० स्टार्टर, १० मीठ असं नेहमीसारखं मळून घ्या. मैद्याला ताण आला, की दुसऱ्या-तिसऱ्या घडीला उकड चुरून आत घाला. आधीच घातली तर मैद्याला ग्लूटेन धरायला अडथळा होतो. २२० पैकी ३० ग्रॅम पाणी हाताशी राखून ठेवा, प्रत्येक गिरणीचं पीठ वेगळं पाणी पितं.

आत्ता काय होतंय, तर कोरडं पीठ मळताना पाणी नीट शोषत नाही. सुरुवातीचा घट्टपणा फसवा आहे. गोळा सैल वाटतो कारण ३० टक्के पिठात ताणच नाही. मग ओव्हनमध्ये गेल्यावर तेच कण मैद्यातलं पाणी ओढतात, आणि जे पूर्ण शिजत नाहीत ते कच म्हणून उरतात.

प्रतिसाद २

वरच्या उकडीला अनुमोदन. दोन गोष्टी माझ्याकडून.

एक, नाशिकचा उन्हाळा. स्वयंपाकघरात ३२ अंश असतील तर पिठाच्या २० टक्के स्टार्टरने गोळा साडेतीन-चार तासांत तयार होतो. परदेशी व्हिडिओत रात्रभर ठेवतात ते तिकडच्या थंडीत. मका घातलेला गोळा दुप्पट व्हायची वाट पाहू नका, दीडपट झाला की आकार द्या. जास्त आंबला की आम्लामुळे उरलंसुरलं ग्लूटेनही सैल पडतं, आणि चिकटपणाचं तेही एक कारण असू शकतं.

दोन, कापायची घाई. गरम ब्रेड कापला की आतला भाग चिकटच दिसणार, मक्याचा तर जास्तच. चार तास तरी तारेच्या जाळीवर निवू द्या. संध्याकाळी भाजून सकाळी कापला तर उत्तम. थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९६-९८ अंश हवेत.

ओटीजीत वरची सळई जवळ असते. खालच्या खाचेत ठेवा आणि पहिली वीस मिनिटं वर स्टीलचं पातेलं पालथं घाला, म्हणजे वाफ आत राहते.

प्रतिसाद ३

आम्ही पोर्तुगालच्या उत्तरेला राहतो. इथे ब्रोआ नावाचा मक्याचा ब्रेड घरोघरी असतो, म्हणून आगाऊपणा करते.

जुन्या पद्धतीच्या ब्रोआत मका बराच असतो, जोडीला राय (गव्हासारखं एक धान्य) किंवा गहू. मक्याच्या पिठावर उकळतं पाणी ओतूनच सुरुवात, म्हणजे तुमची उकडच. आंबवायला मागच्या खेपेचा थोडा गोळा राखून ठेवायचे. आकार देताना ओट्यावर घेतच नाहीत, पीठ भुरभुरलेल्या वाडग्यात गोळा घोळवतात आणि थेट भट्टीत. वरचं पीठ तडकून भेगा पडतात, चिरा मारायची गरजच नाही. कोबीवर्गातल्या पानांचं काल्दु व्हेर्दे सूप किंवा भाजलेले सार्डिन यांच्याबरोबर खातात.

सांगायचा मुद्दा असा की ब्रोआ आतून दाट आणि ओलसरच असतो. इथल्या आव्हिंतेश गावचा ब्रोआ पाहाल तर गडद आणि चांगलाच जड. कुणी तिथे जाळी शोधत नाही. तेव्हा आधी ठरवा. जाळीदार सावरडो हवा असेल तर मका एकूण पिठाच्या १५-२० टक्क्यांवर नेऊ नका. मकाच हवा असेल तर खुशाल ५० टक्के घाला, पण साच्यात भाजा आणि उंचीची आशा सोडा. तुमचे ३० टक्के मधल्यामध्ये लटकतात. माझ्या मते तरी.

धागाकर्ती

तिघांनाही मनापासून धन्यवाद! भाकरीचं उदाहरण पटलं. जाळीवालाच हवाय, त्यामुळे १०० ग्रॅमच्या उकडीने सुरुवात करते. ब्रोआचा बेत थंडीत, राय मिळाली तर.

एक शंका राहिली. उकड आदल्या रात्री काढून फ्रीजमध्ये ठेवली तर चालेल का? सकाळी माझी घाई असते.

प्रतिसाद १

चालेल. वर ताटली झाका, नाहीतर साय धरते. सकाळी ती दगडासारखी घट्ट होईल, पण घाबरू नका, चमचाभर कोमट पाणी लावून हाताने मळली की मोडते. गुठळ्या मात्र मोडूनच घाला, त्या भाजल्यावर पिवळे ठिपके होऊन राहतात. आणि तासभर बाहेर काढून ठेवा, थंडगार उकडीने गोळाच गार पडतो आणि चार तासांचं गणित चुकतं.

मक्याचं पीठ उरलं तर तेही फ्रीजमध्येच ठेवा. गिरणीच्या पिठात कोंबातलं तेल असतं, नाशिकच्या उन्हात लवकर खवट होतं.