रिटायरमेंटचा पैसा स्वतः सांभाळायचा की सल्लागार लावायचा?

दिग्रसचा वाहक

नमस्कार मंडळी. एसटीत वाहक आहे. ह्या महिनाअखेर ५८ पूर्ण होऊन घरी बसतो. पीएफ अन् ग्रॅच्युइटी मिळून २२ लाखांच्या आसपास येतील. पेन्शन ईपीएस-९५ ची, पाच हजारांच्या आत. पाच एकर कोरडवाहू आहे, कापूस अन् तूर. पोरगी सासरी, पोरगा चाकणला कंत्राटी कामावर.

रिटायर होणार म्हटल्यापासून घरी माणसं वाढली. बँकेतला पोरगा पेढे घेऊन आला. म्हणे, "काका, वर्षाला दोन लाख भरा, दहा वर्षं, वरून विमा." जावई म्हणतात नागपूरचा सल्लागार धरा, तो पहिल्या वर्षी १५ हजार फी घेते अन् पुढं दरवर्षी थोडी थोडी. पोरगा म्हणते कोणाला एक रुपया देऊ नका, मोबाईलवर डायरेक्ट म्युच्युअल फंड घ्या. अन् गावच्या पतसंस्थेचे संचालक तर आमच्या सोयऱ्यातलेच.

बायकोचं म्हणणं, पोस्टात टाका अन् मोकळे व्हा. सल्लागाराला फी द्यावी का? का आपणच पाहावं?

वाशीमकर

आधी पतसंस्थेचं सांगतो. बँकेत एका माणसाच्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला रिझर्व्ह बँकेच्या डीआयसीजीसी ह्या संस्थेचं विमासंरक्षण असतं. पतसंस्थेला ते नाही. सोयरे आहेत म्हणून चहा प्या, ठेव ठेवू नका.

बँकेतल्या पोराला विचारा, तिसऱ्या वर्षी दोन लाख भरायला जमले नाही तर काय? तोंड पाहून घ्या त्याचं. आमच्या काकांनी अशीच सही केली होती. पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, म्हणून वाचले.

नागपूरवाल्याला नोंदणी क्रमांक मागा. शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीकडे नोंदलेला गुंतवणूक सल्लागार असेल तर नंबर आयएनएने सुरू होतो, सेबीच्या साइटवर पडताळता येतो. एआरएन नंबर सांगितला तर तो फंड विकणारा आहे, त्याचं पोट कमिशनवर. ते वाईट असंच नाही, पण मग १५ हजार फी कशाची?

आर्णीची ताई

भाऊ, मी आरोग्य सेविका होती, रिटायर होऊन काही वर्षं झाली. माझं सगळं मीच पाहते. दोनशे पानी वही आहे, बाकी काही नाही. तुमच्यासारखीच शेती आहे म्हणून लिहिते.

सल्लागार वय विचारते, जोखीम किती झेपते विचारते. पेरणी केव्हा करता हे कोणी विचारत नाही. अन् आपला पैसा तर तिथंच अडते ना बाप्पा!

ज्येष्ठ नागरिक बचत योजना चांगली आहे, सध्या ८.२ टक्के. तुम्ही साठचे नाही, पण ५५ च्या वर असून रिटायर झालेल्याला घेता येते. अट एकच, रिटायरमेंटची रक्कम हाती आल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं उघडायचं. डेपोतून तसा दाखला लागते, तो आत्ताच मागून ठेवा. तीन महिने गेले की मग साठीपर्यंत थांबा.

पण तिचं व्याज येते कधी? एप्रिल, जुलै, ऑक्टोबर, जानेवारीच्या पहिल्या कामाच्या दिवशी. आता कॅलेंडर काढा. पीक कर्ज भरायची शेवटची तारीख ३१ मार्च, व्याज एप्रिलात. बियाणं-खत जूनच्या पहिल्या हप्त्यात, व्याज जुलैत. दोन्ही वेळा पैसा असून हात रिकामा. मग कृषी केंद्रातून उधारीवर उचलायचं, अन् उधारीचा भाव तो काय नगदीचा लावते का?

म्हणून सगळे एका जागी टाकू नका. १० लाख ज्येष्ठ नागरिकमध्ये टाकले तर तिमाहीला २०,५०० येतात. ते घरखर्चाचे. नऊ लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत, एका नावावर तेवढीच मर्यादा आहे. ७.४ टक्क्यानं महिन्याला ५,५५०. दोघांच्या नावावर असेल तर १५ लाखांपर्यंत चालते. हे महिन्याचे पैसे वेगळ्या बचत खात्यात पडू द्या अन् त्या खात्याचं एटीएम कार्डच घेऊ नका. जानेवारीपासूनचे तिथं राहिले तर मृगाच्या आधी बियाण्याचे २७ हजार तयार. मी तसंच करते. मिरगाच्या आधी कृषी केंद्रात नगदी मोजते, तेव्हा तो दुकानदार स्टूल पुढं सरकवते.

दुसरी गोष्ट, हातात पैसा आला म्हणून पीक कर्ज बंद करू नका. तीन लाखांपर्यंतचं वेळेवर भरलं तर पंजाबराव देशमुख सवलत योजनेत व्याज शून्य पडते. बिनव्याजी सोडून आपला ८.२ टक्क्याचा पैसा मातीत घालायचा, काहून?

एवढ्यासाठी १५ हजार देऊ नका. पोस्टमास्तर फुकट फॉर्म भरून देते.

वर्ध्याहून

ताईंचं कॅलेंडर पटलं, पण एक बाजू राहिली. आज ठरलेले २०,५०० पाच वर्षं २०,५०० च राहणार. तेलाचा पिपा, डॉक्टर, मजुरी तेवढ्यावर थांबत नाही. ५८ ला रिटायर म्हणजे अजून २५ वर्षं धरून चला. सगळं पोस्टात ठेवलं तर सत्तरीत कमी पडेल.

माझा नोंदणीकृत सल्लागार आहे. तो मला फंड निवडून देतो म्हणून फी देत नाही मी. बाजार पडला तेव्हा मी सगळं विकायला निघालो होतो, त्याने फोनवर अर्धा तास धरून ठेवलं. ते स्वतःच्या वहीतून होत नाही. शिवाय डायरेक्ट योजनेत कमिशन नसल्याने इक्विटी, म्हणजे शेअरमध्ये पैसा लावणाऱ्या फंडात वर्षाला साधारण अर्धा ते एक टक्का वाचतो, फी काही अंशी त्यातूनच निघते. अर्थात, तुमचे तीनच लाख फंडात जाणार असतील तर एक टक्का म्हणजे तीन हजार. त्यावर १५ हजार फी परवडत नाही, हा हिशेब सरळ आहे.

दिग्रसचा वाहक

सगळ्यांचे आभार. जुलैचं व्याज अन् जूनचं बियाणं हे तर डोक्यातच नव्हतं.

मग असं करू का? १० लाख ज्येष्ठ नागरिक, ९ लाख मासिक, उरलेल्या तिनातला एक लाख दवाखान्यासाठी बँकेत, अन् दोन लाख फंडात. फंडासाठी नागपूरवाल्याला एकदाच फी देऊन विचारायचं, वर्षाचा करार नाही. तो "एकदाच" ला तयार होईल का?

वाशीमकर

काही जण होतात. आधी फोनवर विचारा, मग बस पकडा. तुम्हाला तिकीट लागत नसेल तरी दिवस जाते.

आर्णीची ताई

होत नसेल तर ते दोन लाख वर्षभर बँकेतच राहू द्या, काही बिघडत नाही. अन् भाऊ, पोस्टात दोन्ही खात्यांवर वारसाचं नाव त्याच दिवशी लावून घ्या. वहिनीलाही सोबत न्या, पासबुक कुठं ठेवलं ते तिला माहीत पाहिजे. माझ्या ड्युटीच्या गावात एका बाईला नवरा गेल्यावर समजलं की त्याचं पोस्टात खातं होतं. वारस लावला नव्हता. बिचारी कागदांसाठी वर्षभर यवतमाळच्या चकरा मारत होती.

जावयाला अन् बँकेतल्या पोराला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही पाहा. पेढे खाल्ले असतील तर खाल्ले.