राळ्याला जाळी, पिंजऱ्याला मुंग्या: औषध न मारता काय करता येईल?

गोरेगावकर: चार बजी (छोटे पाळीव पोपट) आहेत, पिंजरा गॅलरीत टांगलेला. क्रॉफर्ड मार्केटमधून ५ किलो राळा-बाजरी आणली होती. आता दाणे जाळीने चिकटून गोळे झालेत, भिंतीवर बारीक अळ्या चढतायत. साखळीवरून मुंग्याही उतरतात. बोरिक पावडर लावून, देताना धुऊन दिलं तर?

दाणापाणी: बोरिक नकोच. धुतलं तरी खात्री नाही, आणि ओल्या दाण्याला या हवेत बुरशी धरते.

हा धान्यातला पतंग. अंडी बहुतेक मालातूनच येतात. अळी कोष करायला डबा सोडून वर चढते, म्हणून झाकणाची खाच, फळीचे कोपरे, कॅलेंडरची मागची बाजू बघा आणि पुसून काढा. नुसता डबा बदलून भागत नाही. जाळी धरलेला माल पिशवीत घट्ट बांधून थेट सोसायटीच्या कचऱ्यात.

चार बजींना महिन्याला साधारण किलोभर लागतं, पावसाळ्यात ५ किलो कशाला भरायचं? नवा माल हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना पूर्ण चार दिवस. सिंगल डोअरचा बर्फाचा कप्पा तेवढा गार होत नाही, तिथे भरवसा धरू नका. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर दाण्यांवर पाणी धरतं. मग रबरी रिंगच्या बरणीत. जुन्यावर नवं ओतायचं नाही.

पिंजरावाला: मुंग्यांसाठी छताचा हूक आणि साखळी यांच्यामध्ये पाण्याची वाटी अडकवा, थेंबभर भांड्यांचा साबण घालून. दर दोन दिवसांनी पाणी बदला, डासांची पैदास नको. बहुतेकांचं चुकतं ते इथे: पिंजरा ग्रिलला किंवा कपड्यांच्या दोरीला टेकतो आणि मुंग्यांना दुसरा रस्ता मिळतो. मुंग्यांचा खडू पिंजऱ्याजवळ नको, त्यात कीटकनाशक असतं.

संध्याकाळी ट्रेमधली टरफलं काढा, झुरळं त्यावरच येतात.

गोरेगावकर: धान्यात टाकायच्या गॅसच्या गोळ्या? डांबरगोळ्या?

दाणापाणी: गॅसच्या गोळ्या घरात आणूच नका, त्या वायूने माणसंही दगावतात. डांबरगोळ्यांची वाफही पक्ष्यांना विषारी. कडुलिंबाचा वाळका पाला चालेल, पण दाण्यात असलेली अंडी त्याने मरत नाहीत.

पिंजरावाला: पक्षी रात्री अस्वस्थ असतील तर पिंजऱ्यावर पांढरं कापड टाका. सकाळी त्यावर लाल ठिपके हलताना दिसले तर ते रक्त पिणारे माइट (कोळ्याच्या जातीचे बारीक किडे), दिवसा दांड्यांच्या टोकांशी लपतात. लाकडी दांड्या बदला, रिकाम्या पिंजऱ्यावर उकळतं पाणी ओता. औषध पक्ष्यांच्या डॉक्टरांकडूनच, वजनावर डोस ठरतो.