ब्लिनी कुठे, कुणाकडे, कशाबरोबर खाल्ल्यात?

ब्लिनी म्हणजे रशियन धिरडी; एक असेल तर ब्लिन. रशियात शिकलेल्या, राहिलेल्या, तिथं नातं जुळलेल्या सगळ्यांसाठी हा धागा. ईस्टरआधीचा मोठा उपवास लागण्यापूर्वीचा आठवडा म्हणजे मास्लेनित्सा. मांस बंद झालेलं असतं, पण दूध, लोणी, अंडी, मासे चालतात. म्हणून घरोघरी ब्लिनी. २०२६ मध्ये हा आठवडा १६ ते २२ फेब्रुवारीला आला.

सुरुवात मी करते. सेंट पीटर्सबर्गला आमच्या घरमालकीणबाई पाहुण्यांची पोटं भरेपर्यंत तव्यापासून हलत नसत. पातळ ब्लिन उतरलं की लगेच त्यावर लोणी, मग वर दुसरं. टेबलावर मध, जाम, स्मेताना, म्हणजे विरजलेलं आंबट घट्ट क्रीम, आणि लाल इक्रा, म्हणजे सामनची अंडी. स्मेताना लावून वर इक्रा घ्या, हाताने गुंडाळा आणि खा. खारट दाणे दाताखाली फुटतात नि स्मेताना त्यांना सांभाळून घेते. याहून चांगली जोडी मला तरी माहीत नाही.

कुर्स्कहून
मी अंडं खात नाही, त्यामुळे मास्लेनित्सात नुसती बघत बसायचे. उपवास लागल्यावर मैत्रिणीच्या आजीनं मुद्दाम बोलावून उपवासाच्या ब्लिनी केल्या: मैदा, यीस्ट, पाणी, तेल. आत परतलेले मशरूम. अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून तिनं तवा पुसला, अगदी आपण घावनाला पुसतो तसा! मी तिथूनच आईला व्हिडिओ कॉल लावला.

यारोस्लाव्लचा जावई
मास्लेनित्साचा बुधवार जावयाचा. सासू बोलावते, खाऊ घालते. शुक्रवारी उलट, सासूला आपण बोलवायचं. शनिवारी सुनेनं नणंदांना. आमच्या सासूबाई निम्मं गव्हाचं, निम्मं बकव्हीटचं पीठ यीस्ट घालून भिजवतात आणि फुगल्यावर त्यात उकळतं दूध ओततात. त्यानं ब्लिनीला छान जाळी पडते. खारवलेल्या हेरिंग माशाबरोबर त्या खाव्यात. रविवारी गवताचा पुतळा जाळतात आणि घरातले सगळे एकमेकांची क्षमा मागतात. सासऱ्यांसारख्या वडीलधाऱ्या माणसानं माझी क्षमा मागितली, तेव्हा मला फार भरून आलं.

वोरोनेझहून
माझी आठवण दुःखाची आहे. आमचे प्राध्यापक गेले, त्यानंतरच्या जेवणात आधी कुत्या, म्हणजे मध घातलेले शिजवलेले गहू, आणि मग ब्लिनी होत्या. त्यांच्या पत्नीनं स्वतः माझ्या ताटात वाढलं.

पुण्याहून
इथं करायच्या तर बकव्हीट म्हणजे कुट्टूचं पीठ. उत्तर भारतीय किराणा दुकानात उपवासाच्या सामानात मिळतं. स्मेतानासाठी फ्रेश क्रीमला विरजण लावून रात्रभर ठेवा, मग फ्रीजमध्ये घट्ट होऊ द्या. चक्का आंबट लागतो, पण त्याला ती स्निग्धता नाही. मुलांसाठी कुस्करलेलं ताजं पनीर, साखर, मनुका भरून चौकोनी घडी घाला आणि लोण्यावर दोन्ही बाजूंनी परता. वरून कंडेन्स्ड मिल्क. रशियातली मुलंही त्यावर तुटून पडतात.