अनुभव धागा: चाळ पाडायची की सांभाळायची?

गिरगाव, लालबाग, माझगाव, दादर. कुठल्याही गल्लीत शिरलं की एक इमारत टेकूंवर उभी दिसते आणि शेजारी टॉवरचा पाया खणलेला. या विषयावर हळहळ भरपूर लिहून झाली आहे, म्हणून या धाग्यात ती नको. ज्यांचं कामच या इमारतींशी आहे त्यांनी नेमकं सांगावं: काय तपासायचं, काय मोजायचं, कुठे फसगत होते. ज्यांच्याकडे पुनर्विकासाचा प्रस्ताव आलाय, ते लोक हे वाचणार आहेत.

स्ट्रक्चरल इंजिनीअर, गिरगाव

इमारतीची मजबुती तपासणाऱ्या ऑडिटरला पहिला प्रश्न विचारा: आमची इमारत कशाची आहे? १९४० पूर्वीच्या अनेक चाळी सागवानी खांब-तुळया आणि चुन्यात बांधलेल्या विटांच्या आहेत. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक पल्स, हाफ-सेल या चाचण्या आरसीसीसाठी, म्हणजे लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटसाठी असतात. लाकडी चाळीच्या अहवालात यांचेच आकडे भरलेले दिसले तर तो अहवाल स्वीकारू नका. त्यावरून इमारत 'सी-१', म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडण्याजोगी ठरली, तर मागे फिरणं फार अवघड जातं.

लाकडी इमारतीत बघायचं ते तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक. तिथला गिलावा वीतभर फोडा आणि स्क्रू-ड्रायव्हर टोचा. चांगल्या सागात तो जेमतेम रुततो, कुजलेल्यात बोटभर आत जातो. मॉइश्चर मीटरवर ओलावा सतत २० टक्क्यांच्या वर असेल तर बुरशी धरतेच. सुरुवात मोरीखालच्या आणि सामाईक संडासाला लागून असलेल्या टोकांपासून करा.

टोक कुजलं म्हणून अख्खी तुळई जात नाही. आधी तळमजल्यापासून वरपर्यंत एकाच ओळंब्यात टेकू लावायचे. फक्त त्या मजल्यावर टेकू दिला तर सगळा भार खालच्या तुळईवर येतो आणि तीही वाकते. मग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापायचं, नवा सागाचा तुकडा जोडायचा आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनल बोल्टने आवळायचे. वाकलेली तुळई जॅकने एका दिवसात सरळ करणारा कंत्राटदार असेल तर काम थांबवा. ती रोज एक-दोन मिलिमीटर उचलायची असते, नाहीतर वरच्या भिंती तडकतात.

वजनाचा हिशेब कोणी करत नाही. जुन्या लादीवर ४० मिलिमीटर मसाला टाकून नवी टाइल बसवली की चौरस मीटरला साधारण १०० किलो वाढतात. १६० चौरस फुटांच्या खोलीत दीड टन. गच्चीवरची हजार लिटरची टाकी म्हणजे आणखी एक टन. टाइल घालायचीच असेल तर जुनी लादी आणि तिच्याखालचा भराव काढून मगच घाला.

आणि चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा अजिबात नको. भिंतीतली ओल बाहेर पडत नाही, ती लाकडाकडे वळते. वर्षा-दोन वर्षांत गिलावा फुगून पापुद्र्यांनी सुटतो आणि लोक म्हणतात, इमारतच संपली.

चाळ समितीची कागदपत्रं बघणारा, लालबाग

इमारत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणारी जुनी इमारत) आहे का आणि कोणत्या वर्गात, ते आधी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडून लेखी घ्या. १ सप्टेंबर १९४० पूर्वीची 'अ', त्यानंतर १९५० अखेरपर्यंतची 'ब', ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतची 'क'. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली, म्हणजे उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाच्या नियमाखाली, १३ जून १९९६ पूर्वीचा कब्जा दाखवावा लागतो. भाडेपावत्या, विजेची बिलं, मतदार यादी, रेशन कार्ड यांचे संच खोलीनिहाय लावा. पावती आजोबांच्या नावावर आणि राहतो नातू, ही अडचण प्रत्येक चाळीत निघते. वारसांची ना-हरकत बिल्डर आल्यावर मागायला गेलात तर चुलत भाऊ किंमत सांगतात, म्हणून ती आधीच घ्या.

महापालिकेची ३५४ ची, म्हणजे धोकादायक इमारत रिकामी करून पाडण्याची नोटीस आली तर खोली सोडण्यापूर्वी भाडेकरूंची यादी आणि प्रत्येकाचं चटई क्षेत्र महापालिकेच्या नोंदीत आलंय याची खात्री करा आणि प्रमाणित प्रत ठेवा. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क जात नाही. पण पाडल्यावर किती फूट होते हे सिद्ध करायला भिंतच उरलेली नसते. दोन ऑडिट परस्परविरोधी असतील तर प्रकरण तांत्रिक सल्लागार समितीकडे पाठवा, असा लेखी अर्ज करता येतो.

करारात किमान हे हवं: नोंदणी झालेला वैयक्तिक करार, मंजूर नकाशावर दाखवलेली खोली आणि मजला, पर्यायी घराचं भाडं एस्क्रो खात्यात (बिल्डरला मनाप्रमाणे काढता न येणाऱ्या राखीव खात्यात), काम रखडलं तर बँक गॅरंटी. पुनर्वसनाच्या घरांना महारेराचं (गृहप्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्य प्राधिकरणाचं) संरक्षण विक्रीच्या घरांसारखं मिळत नाही, त्यामुळे तुमचा करार हाच तुमचा आधार. सध्याच्या नियमांत ५१ टक्के संमती पुरते. उरलेल्या ४९ टक्क्यांनाही सभेची इतिवृत्तं मिळालीच पाहिजेत.

टॉवरची देखभाल सांभाळणारा, परळ

चाळीत महिन्याचा खर्च शेकड्यांत असतो. टॉवरमध्ये लिफ्ट, फायर पंप, स्प्रिंकलर, जनरेटर, वर पाणी चढवणारे पंप हे सगळं वापरा किंवा नका वापरू, पैसे मागतं. अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावं लागतं. रेफ्यूज मजला, म्हणजे आगीच्या वेळी आसऱ्याचा मजला, मोकळाच ठेवायचा. तिथे सायकली आणि जुनी कपाटं रचली जातात, आणि आग लागली की माणसं जमायची ती नेमकी तिथेच.

कॉर्पस, म्हणजे देखभालीसाठी बिल्डरने एकरकमी द्यायचा निधी, मागताना आकडा हवेतून घेऊ नका. समजा देखभाल महिना ६,००० रुपये, म्हणजे वर्षाला ७२,००० रुपये. व्याज ७ टक्के धरलं तर नुसत्या व्याजातून हे भागवायला घरटी सव्वादहा लाखांच्या वर रक्कम लागते. त्यात महागाई धरलेलीच नाही. बिल्डर लाख-दोन लाख देतो तेव्हा हा हिशेब सभेत फळ्यावर मांडा.

संवर्धन वास्तुविशारद, फोर्ट

मुंबईत वारसा नियमावली १९९५ पासून आहे. वारसा यादीच्या श्रेणी ३ मध्ये नाव आलं की इमारतीला हातच लावता येत नाही, हा समज चुकीचा आहे. दुरुस्ती होते, परवानगीने फेरफारही होतात. मालकाला न वापरता आलेलं क्षेत्र टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) म्हणून विकता येतं. तो पैसा दुरुस्तीत यावा अशी अट भाडेकरूंनी आधीच घालावी.

गिरगावची खोताची वाडी किंवा माझगावची माथारपाखाडी या जुन्या वस्त्यांना खरा धोका शेजारच्या खड्ड्याचा असतो. तळघरासाठी खोल खणताना भूजल उपसलं की जुन्या इमारतीचा उथळ पाया खचतो. म्हणून खणायच्या आधी प्रत्येक खोलीचे तारीखवार फोटो काढून दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. प्रत्येक चिरेवर काचेची पट्टी आडवी चिकटवून तारीख लिहा. काच तडकली की चीर वाढली, वाद संपला. कंपमापकाची मर्यादा नाजूक इमारतींसाठी साधारण ३ मिलिमीटर प्रति सेकंद धरतात. मागच्या भिंतीलगत ब्रेकर चालू असेल तर आकडे रोज मागा.

प्रतिसाद, नायगाव

हे सगळं पटलं, पण चौथ्या मजल्यावरच्या आजीला रात्री गॅलरीच्या टोकाला संडासला जावं लागतं, त्याचं काय? वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० फुटांच्या खोलीतून लोक ५०० फुटांच्या घरात गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. ते घर नको, असं तिला कोण सांगणार?

स्ट्रक्चरल इंजिनीअर, गिरगाव

कोणीच सांगू नये. पण जिथे इमारत टिकण्याजोगी आहे तिथे मागच्या अंगाला जागा असेल तर संडास-न्हाणीचा स्वतंत्र आरसीसी मनोरा उभा करता येतो. पाया वेगळा, खांब वेगळे, जुन्या इमारतीशी फक्त २५ मिलिमीटरचा सांधा. जुन्या गॅलरीवर त्याचा एक किलोही भार येता कामा नये. ड्रेनेजचे पाइप उघड्यावर ठेवा, भिंतीत गाडू नका. गळती दिसली तरच दुरुस्त होते. लिफ्टही त्याच मनोऱ्यात बसते, मात्र महापालिकेच्या परवानगीसाठी मालकाची सही लागते. पगडीच्या इमारतींत काम अडतं ते बहुतेक याच सहीपाशी.